ठाऊक नाही असे म्हणण्याचे कर्तव्य

खेड्यातील मंडळीत पाळकास किंवा उपदेशकास लोक किती निरनिराळ्या गोष्टी विचारतात, हे ज्यांनी असे काम केले आहे त्या वाचकांस सांगावयास नको. मुलास कोणत्या शाळेत घालावे, ह्या कागदावर अंगठा उठवावा की नाही, गाय चारा का खात नाही, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, असे प्रश्न घेऊन माणसे दारात येतात. ज्यास चार पुस्तके वाचता येतात त्यास सर्वच ठाऊक असले पाहिजे, अशी त्यांची भोळी समजूत असते. आणि खरे बोलावयाचे तर, ही समजूत खोटी ठरू नये अशी आपलीही मनातून इच्छा असते. ह्या इच्छेपायी आमच्या हातून एकदा एक चूक घडली. पुष्कळांस ती क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही, म्हणून ती येथे सांगून तिच्या अनुषंगाने एका प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा की, जे आपणांस निश्चित ठाऊक नाही त्याविषयी ‘ठाऊक नाही’ असे म्हणणे हा केवळ नम्रतेचा अलंकार आहे, की ते आपले कर्तव्य आहे?

आमच्या भागातील एका खेड्यात एक वृद्ध विधवा राहत असे. तिची एकुलती एक लेक सासरी आजाराने वारली. काही महिन्यांनी लेकीची पेटी माहेरी आली. तीत दोन लुगडी, एक फणी, एक फुटका आरसा आणि फडक्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेले चिमूटभर बी होते. पावसाळ्याच्या तोंडी आम्ही त्या गावी गेलो असता म्हातारीने ती चिंधी आमच्यापुढे सोडली व म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या लेकीनं हे जपून ठेवलं होतं. कशाचं बी हाय, तेवढं सांगा.”

आम्ही ते बी तळहातावर घेऊन पाहिले. ते काळे, चकचकीत, किंचित चपटे व मोहरीहूनही बारीक होते. क्षणाचाही विचार न करिता आम्ही म्हणालो, “आजी, हे माठाचे बी आहे. चांगली भाजी होईल.” म्हातारीचा चेहरा थोडा उतरला. “भाजीचं व्हय? पोरीला फुलांची लई हौस होती,” एवढेच ती पुटपुटली. परंतु पाळकाने सांगितले ते खरेच असणार, असे समजून तिने गाठ पुन्हा मारिली आणि दुसऱ्या दिवशी घरामागील वाफ्यात ते बी पेरिले.

श्रावणात आम्ही पुन्हा तेथे गेलो. रोपे वीतभर उंच झाली होती. पाने पाहताच ती माठाची नाहीत हे आमच्या ध्यानात आले. येथे तरी आम्ही थांबावयास हवे होते. परंतु पहिल्या उत्तरात जितका आत्मविश्वास होता तितकाच दुसऱ्यात ठेवून आम्ही म्हणालो, “आजी, हा तर कुरडू. शेतातले तण आहे. कोवळा आहे तोवर भाजी करून खा, नाहीतर उपटून टाका.” तिने दोन्ही केले, काही रोपे शिजविली व उरलेली उपटून उकिरड्यावर टाकिली.

आश्विनात आम्ही तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा ती आम्हांस हात धरून घरामागे घेऊन गेली. मोरीच्या दगडाआड एक झाड उभे होते, आणि त्याच्या शेंड्यावर तळहाताएवढा रुंद, मखमलीसारखा तांबडालाल तुरा होता. तो कोंबडा होता. कोंबड्याच्या डोक्यावरील तुऱ्यासारखे ज्याचे फूल दिसते, व ज्यास त्यावरूनच ते नाव पडले आहे, ते आपल्या अंगणांतील नेहमीचे झाड. म्हातारी म्हणाली, “हे एक ऱ्हायलं. दगडामागं होतं, हाताला आलं नाही.” तिने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट आमची समजूत घालावयास ती म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार? बी सारखंच दिसतंय.” परंतु तिच्या लेकीच्या हाताने गोळा केलेली इतर सर्व रोपे आमच्या शब्दाने उपटली गेली होती, ही गोष्ट काही केल्या आमच्या मनातून जाईना.

आता वाचकांपैकी कोणी म्हणेल, की ही अज्ञानाची चूक आहे आणि अज्ञानास दोष कसला? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. माठ, राजगिरा, कुरडू आणि कोंबडा ही सर्व एकाच कुळातील झाडे होत, आणि ह्यांतील पुष्कळांचे काळे, तकतकीत, बारीक बी नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे फार कठीण असते. कुरडू व कोंबडा ह्यांचे नाते तर त्याहूनही जवळचे आहे. वनस्पतींस शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारा स्वीडन देशातील विद्वान कार्ल लिनियस ह्याने १७५३ साली आपल्या ग्रंथात ह्या दोहोंस दोन निरनिराळ्या जातींची नावे दिली. परंतु पुढील काळातील अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांस एकच जात मानितात आणि कोंबडा हा कुरडूचाच बागेत जोपासलेला प्रकार होय असे सांगतात. तेव्हा फुलापूर्वी कोवळ्या रोपावरून ‘हा कुरडू’ किंवा ‘हा कोंबडा’ असे छातीठोकपणे सांगणे मोठ्या जाणत्यासही जड गेले असते. ह्यावरून आमचा दोष न ओळखण्यात नव्हता, हे उघड आहे. ओळखले नसता ओळखल्यासारखे बोललो, हा तो दोष होता.

ह्या दोषापासून तीन प्रकारचे नुकसान होते, असे आम्हांस दिसून आले. पहिले असे की, विचारणाऱ्याजवळ जे खरे ज्ञान असते ते दबून जाते. त्या म्हातारीस आपल्या लेकीची फुलांची हौस ठाऊक होती; म्हणजे त्या बियांविषयी आमच्याहून तिला अधिक कळत होते. आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले असते, तर तिच्या त्या एका वाक्यानेच आम्हांस वाट दाखविली असती. दुसरे असे की, ज्याचा शब्द मानिला जातो त्याचा शब्द केवळ शब्द राहत नाही. तो दुसऱ्याच्या हाताचे काम होतो. एखाद्या वाटसरूने ‘हे तण आहे’ म्हटले असते, तर म्हातारीने ऐकून सोडून दिले असते. आम्ही म्हटले म्हणून तिने उपटले. तिसरे असे की, पहिले खोटे उत्तर दुसऱ्यास जन्म देते. माठ म्हटले ते चुकले, तेव्हा आपली पत सांभाळण्यासाठी कुरडू म्हणावे लागले. त्या दिवशी ‘आजी, मागे मी चुकलो होतो, आता फूल येईपर्यंत थांबा’ एवढेच शब्द बोलण्यास आमची जीभ रेटली नाही.

ही तर फुलांची गोष्ट झाली. परंतु असेच उत्तर जिवावरही बेतू शकते. धोत्र्याचे बी आणि मिरचीचे बी ह्यांचा आकार व रंग इतका जवळचा आहे की घाईने पाहणारा सहज फसतो. आणि धोत्र्याचे बी जहाल विष आहे. गुलबक्षीचे काळे, सुरकुतलेले बी मिऱ्यासारखे दिसते; तेही खाण्यात गेल्यास बाधते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, फळातील बीही विषारी आहे, आणि मुले त्या फळांशी खेळतात. तेव्हा ‘हे काय आहे?’ ह्या प्रश्नाला अंदाजाने दिलेले उत्तर हे लहानसे असत्य आहे, असे कोणी समजू नये.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या उपदेशक बंधूंच्या मनात आताच आला असेल. ते म्हणतील, “प्रत्येक प्रश्नास ठाऊक नाही, ठाऊक नाही असे म्हणत बसलो, तर लोक आमच्याकडे येतीलच कशाला? मग त्यांनी वैदूकडे किंवा मांत्रिकाकडे जावे काय?” आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, ‘ठाऊक नाही’ हे दोन रीतींनी म्हणता येते. एक आळशाची रीत. तीत तो दार लावून घेतो व विचारणाऱ्यास परत पाठवितो. दुसरी विद्यार्थ्याची रीत, तीत तो म्हणतो, “ठाऊक नाही, परंतु कसे कळेल ते ठाऊक आहे, चला, मिळून पाहू.” आळशाने विनयाचा आव आणिला म्हणून त्याचा आळस सद्गुण होत नाही. ज्यास लोक विचारतात त्याने शिकण्याचे श्रम केलेच पाहिजेत. म्हणून बागेतील झाड कसे ओळखावे ह्याविषयी, आमच्या चुकीनंतर आम्ही जे शिकलो ते थोडक्यात येथे देतो.

प्रथम पान पाहावे. ते फांदीवर समोरासमोर जोडीने आले आहे की एकाआड एक आले आहे? गुलबक्षी व सदाफुली ह्यांची पाने समोरासमोर असतात. तेरडा, जास्वंद व कोंबडा ह्यांची एकाआड एक. मग पान चुरगाळून वास घ्यावा. झेंडूचा उग्र वास एकदा घेतला म्हणजे विसरत नाही. चव मात्र कधीही घेऊ नये. मग खोड पाहावे. तेरड्याचे खोड रसाळ असते, तुळशीचे चौकोनी असते, आणि हळदीकुंकू नावाच्या फुलझाडाचे पान तोडिले असता रुईसारखा पांढरा चीक येतो. फुलाची वेळ पाहावी. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते व दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागताच मिटते. शेवटी शेंग किंवा बोंड पाहावे; तेरड्याच्या पिकलेल्या बोंडास बोट लागताच ते तडकते आणि बी चोहोंकडे उडते, सदाफुलीस बारीक शेंगा जोडीने येतात, गोकर्णाची शेंग चपटी व लांब असते.

इतके करूनही संशय राहिला, तर फुलाची वाट पाहावी. लिनियसने झाडांचे वर्ग पाडिले तेही पानांवरून नव्हे. फुलाच्या पोटातील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून. झाडाची खरी ओळख बहुधा फुलातच उघड होते, आणि फूल आपल्या वेळेवर येते. घाईने त्यास लवकर आणिता येत नाही.

वाट पाहण्याचे एक उदाहरण आपल्या भाषेशी संबंध असलेल्या एका गृहस्थाच्या चरित्रात आढळते. विल्यम केरी ह्यांचे नाव आमच्या वाचकांस परके नाही. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापून प्रसिद्ध केला, आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत असत. परंतु त्यांस झाडांचेही अतोनात वेड होते, हे कमी लोकांस ठाऊक आहे. बंगाल्यात श्रीरामपूर येथे त्यांची मोठी बाग होती, आणि शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठी १८२० साली त्यांनी कलकत्त्यास एक संस्था स्थापन केली. एकदा इंग्लंडातील एका मित्राकडून त्यांस मातीत ठेविलेले बी एका पिशवीतून आले. बी काढून घेतल्यावर केरींनी ती पिशवी बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी त्या जागी एक रोप उगवले. त्याचे बी कोणी मुद्दाम पाठविले नव्हते, व त्याच्या नावाची चिठ्ठीही कोठे नव्हती. केरींनी ते राहू दिले. फूल आले तेव्हा ते डेझी निघाले. इंग्लंडच्या कुरणांत पायदळी तुडविले जाणारे ते अगदी साधे, पांढऱ्या पाकळ्यांचे फूल होय. परंतु १७९३ साली हिंदुस्थानात आल्यापासून सुमारे तीस वर्षांत केरींनी ते पाहिले नव्हते. त्यांस इतका आनंद झाला की तो त्यांनी पत्राने आपल्या मित्रास कळविला. त्या देशात हे झाड वर्षानुवर्षे जगते. येथे ते तसे टिकले नाही, म्हणून केरी दर वर्षी त्याचे बी धरून पुन्हा पेरीत राहिले आणि अशा रीतीने त्यांनी ते जतन केले.

ह्या गोष्टीत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे. केरी हे त्या काळी ह्या देशातील झाडांच्या मोठ्या जाणकारांपैकी एक होते. डॉक्टर रॉक्सबर्ग ह्यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ त्यांनीच संपादन करून छापविला. अशा मनुष्यास ‘माझ्या वाफ्यात मी न पेरिलेले काही उगवले, म्हणजे ते तणच’ असे म्हणण्याचा अधिकार नव्हता काय? परंतु ज्यास पुष्कळ ठाऊक असते त्यास आपणांस न ठाऊक असलेल्याची सीमाही दिसते. आमच्यासारख्या थोडे जाणणाऱ्यास ती दिसत नाही, आणि म्हणून आम्ही अधिक धीटपणे बोलतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे, आणि तो पहिल्याहून बळकट आहे. ते म्हणतील, “प्रत्येक तणास फूल येईपर्यंत थांबलो, तर फुलाबरोबर बीही येईल, आणि पुढल्या वर्षी शेत तणाचेच होईल.” हे अगदी खरे आहे. गाजरगवत घ्या. पुण्याच्या आसपास १९५५ च्या सुमारास ते प्रथम ध्यानात आले, आणि त्यानंतर ते देशभर पसरले. एकेका झाडास हजारो बिया येतात. ते फुलण्यापूर्वीच उपटले पाहिजे, आणि तेही हातास काही गुंडाळून, कारण पुष्कळांच्या अंगास त्याने खाज सुटते. घाणेरीही प्रथम बागेची शोभा म्हणूनच परदेशातून ह्या देशात आली, आणि आज डोंगरेच्या डोंगरे तिने व्यापिली आहेत. मग थांबावे की उपटावे?

आमचे उत्तर असे आहे. जे तण आहे हे निश्चित ठाऊक आहे, ते उपटण्यास विलंब करू नये. तेथे थांबणे हा विनय नसून हयगय आहे. जेथे निश्चिती नाही, तेथे दोनतीन रोपे काढून कुंडीत किंवा वाफ्याच्या कडेस लावावी, त्यांवर नजर ठेवावी आणि फुलावर निवाडा करावा. तण निघाले तर बी धरण्यापूर्वी उपटावे. कठोर होण्याचा अधिकार निश्चित ज्ञानाने येतो. गहू व निदण ह्यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकिला आहे. त्यातील निदण हे असे गवत मानिले जाते, की ओंबी येईपर्यंत ते गव्हाहून निराळे दिसत नाही. म्हणूनच त्या धन्याने उपटण्याची घाई करणाऱ्या चाकरांस थांबविले. त्याने निदणास गहू म्हटले नाही. कापणीच्या वेळी दोहोंची निवड व्हावयाचीच होती. उपटणाऱ्याच्या हाताची चूक होईल हे त्याने ओळखिले.

येथवर आपण नाव न ठाऊक असलेल्या बियांविषयी बोललो. परंतु आईझाडाचे नाव व रंग पक्का ठाऊक असला, तरी त्याच्या बियांतून काय येईल हे पूर्णपणे ठाऊक असते काय? ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण आपण सारे म्हणतो. गुलबक्षी ह्या म्हणीस थोडी मुरड घालते. जर्मनीतील कार्ल कॉरेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी गुलबक्षीवर प्रयोग केले. तांबड्या फुलाच्या व पांढऱ्या फुलाच्या झाडांचा संकर केला असता जी झाडे आली त्यांस गुलाबी फुले लागली. त्या गुलाबी झाडांचे बी पेरिले, तेव्हा सरासरीने चारांत एक तांबडे, दोन गुलाबी व एक पांढरे असे निघाले. म्हणजे गुलाबी फुलाच्या पोटात तांबडा व पांढरा हे दोन्ही रंग दडलेले होते. डोळ्यांस मात्र ते दिसत नव्हते. ह्या नियमाचा पाया ग्रेगोर मेंडेल नावाच्या मठवासी संन्याशाने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून घातला होता व १८६६ साली छापून प्रसिद्धही केला होता. परंतु १९०० सालापर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षे होईतो, त्याचे महत्त्व जगाने ओळखिले नाही.

बाजारात संकरित झेंडूचे जे बी मिळते त्याच्या फुलांतून धरलेले बी पुन्हा पेरिले असता सर्व झाडे सारखी येत नाहीत, ह्याचेही कारण हेच आहे. शेतकरी कधी बी धरणाऱ्यास दोष देतो, कधी मातीस. दोष कोणाचाच नसतो. आईबापांत जे दडलेले होते ते लेकरांत प्रगट झाले, इतकेच.

ह्यावरून मनुष्यांविषयी काही बोलावे की नाही, ह्याचा आम्ही विचार केला. कारण मनुष्य म्हणजे फुलझाड नव्हे, आणि अशा तुलना फार ताणू नयेत हे आम्ही जाणतो. तथापि एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या गावांत मूल अजून पाटीवर अक्षर गिरवीत असते, तोच ‘खाण तशी माती’ असे म्हणून लोक त्यास नाव देऊन मोकळे होतात. अमक्याच्या घरचा म्हणजे चोर, अमक्या वाड्यातला म्हणजे मंद, तमक्या जातीचा म्हणजे अमुक कामापुरता. आपल्या पूर्वजांस असली नावे पिढ्यान्‌पिढ्या चिकटविली गेली, व त्यांच्या वेदना आपल्यांतील पुष्कळांच्या घरांत अजून आठवणीत आहेत. आणि तरीही मंडळीत एखादा नवा मुलगा आला, की आपणही त्याच्या बापाचे नाव विचारून मनात चिठ्ठी लावितो. गुलबक्षीच्या एका बियाविषयी जे आपणांस सांगता येत नाही, ते एका लेकराविषयी इतक्या लवकर कसे सांगता येते? ज्याच्या हाती शाळा आहे, ज्याच्या शब्दावर मूल पुढे पाठविले जाते किंवा गुरांमागे धाडिले जाते, त्याने येथे फार जपून बोलावे. कारण येथेही आपल्या शब्दाने कोणीतरी उपटीत असते.

आता बी धरण्याविषयी दोन शब्द सांगून हा लेख पुरा करितो. कारण ज्या प्रामाणिकपणाविषयी आपण बोलत आहो त्याची परीक्षा बियांच्या पुडीवरच होते. दुसऱ्याच्या अंगणातील बी विचारल्यावाचून घेऊ नये. विचारले असता नाही म्हणणारा मनुष्य विरळा. बी पूर्ण पिकलेल्या फुलाचे किंवा शेंगेचे घ्यावे, आणि सर्वांत निरोगी झाडाचे घ्यावे. तेरड्याचे बोंड फिकट होऊ लागताच पातळ फडक्याची लहान पिशवी त्यावर बांधावी, म्हणजे तडकलेले बी वाया जात नाही. कोंबड्याचे बी तुऱ्याच्या खालच्या बाजूस असते. तुरा वाळवून कागदावर झटकावा. बी आठ दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवावे. आपल्या आया राखेत घालून ठेवीत असत, तीही रीत चांगली. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठ दिवस ठेवाव्या. किती मोडावल्या त्यावरून पुडीचा जोर कळतो. बी फार खोल पेरू नये. बारीक बी तर मातीने नुसते झाकले तरी पुरे. गोकर्णासारखे कठीण कवचाचे बी रात्रभर भिजवून मग लावावे.

आणि पुडीवर लिहावे. झाडाचे नाव, फुलाचा रंग, गाव, महिना व वर्ष. नाव निश्चित नसेल, तर ‘नाव ठाऊक नाही’ असेच स्पष्ट लिहावे व जे डोळ्यांनी पाहिले तेवढे खाली नमूद करावे: ‘निळे फूल, वेल, शेंग चपटी.’ अशी पुडी ज्याच्या हाती पडते तो फसत नाही. ज्या पुडीवर अंदाजाचे नाव खात्रीच्या अक्षरांत लिहिलेले असते, ती मात्र हातोहात जाते आणि एका माणसाची चूक दहा अंगणांत पेरली जाते. अशी चूक किती टिकते ह्याचे उदाहरण झेंडूच देतो. मोठ्या फुलाच्या झेंडूस इंग्रजीत आफ्रिकेचे नाव चिकटले आहे. वास्तविक ते झाड मूळचे मेक्सिकोकडचे. शेकडो वर्षे झाली, तरी ते नाव सुटले नाही.

मोरीच्या दगडाआड राहिलेल्या त्या एका झाडाचे बी म्हातारीने आमच्या देखत धरिले. एका तुऱ्यातून इतके बी निघाले की तिची ओंजळ काळी झाली. पुढील पावसाळ्यात तिच्या वाफ्यात कोंबडे उभे राहिले. काहींचे तुरे रुंद, काहींचे अरुंद. शेजाऱ्यांसही तिने पुड्या वाटल्या, आणि त्यांवर नाव लिहिण्यासाठी आम्हांसच बोलाविले. आम्ही लिहिले, आणि त्या वेळी आमचा हात थोडा जड झाला होता, हे कबूल करितो.

त्यानंतर एकदा तिने कोठल्याशा जत्रेतून आणिलेले बी आमच्यापुढे धरिले. ते तपकिरी, वाटोळे व खरखरीत होते. “पाळकसाहेब, हे कशाचं?” आम्ही ते उलटेपालटे करून पाहिले. एक नाव ओठांवर येत होते. ते आम्ही गिळले व म्हणालो, “आजी, ठाऊक नाही. पेरून पाहू. मात्र फूल येईपर्यंत त्यातले काही तोंडात घालू नका, आणि लेकरांच्या हाती देऊ नका.”

म्हातारी हसली आणि म्हणाली, “मग दोघं मिळून बघू.” तिचा आमच्यावरील विश्वास कमी झाल्याचे आम्हांस दिसले नाही. तेव्हापासून ती आम्हांस पूर्वीपेक्षा अधिक प्रश्न विचारू लागली, आणि आपणांस काय वाटते तेही सांगू लागली.